शेरीफ देगावकर आणि कुंपणावरची वायर

देगावकरकाकांच्या घरात हीटिंग एका अंशानं वाढवायचं असेल, तर आधी जनसुनावणी व्हावी लागते.

घर खरं म्हणजे त्यांच्या मुलीचं, अनघाताईंचं. मिल्टन कीन्समधल्या एका बंद गल्लीच्या टोकाला. मी समोरच्या घरात एक खोली भाड्यानं घेऊन राहतो आणि आठवड्यातले बरेच दिवस तिथंच खिडकीशी लॅपटॉप लावून कंपनीचं काम करतो. मी इथं नवीन आलो त्या थंडीत अनघाताईंनी मला जेवायला बोलावलं. बूट काढून आत गेलो, तर सगळे स्वेटर घालून टेबलाशी बसलेले. अनघाताईंची इथंच वाढलेली दहा वर्षांची ईरा हात चोळत म्हणाली, "आजोबा, मला थंड वाजते. हीटिंग वर करू?"

काकांनी आमटीची वाटी खाली ठेवली, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि विचारलं, "अर्जदार कोण?"

"मी."

"अर्जदारानं उभं राहून बोलावं. कारण काय?"

"कारण की माझा नाक फ्रीझ झाली."

"कोणाची हरकत?" काकांनी टेबलावरून नजर फिरवली.

"बाबा, जेवण गार होतंय," अनघाताई म्हणाल्या.

"म्हणजे घरगुती वर्गाचा मागणीला अप्रत्यक्ष पाठिंबा," काका पुटपुटले आणि माझ्याकडे वळले. "तुम्ही सर्वसामान्य ग्राहक. तुमचं म्हणणं?"

माझे दात वाजत होते. पण पहिल्यांदाच जेवायला आलेल्या घरी तसं कसं सांगायचं? मी म्हणालो, "मला काय, कसंही चालेल."

"असं नाही. बाजू ऐकल्याशिवाय निकाल नाही. थंडी वाजते का?"

"वाजते."

"मग तसं बोला की. लाजता कामून?"

निकाल लगेच लागला. एक अंश वाढवावा, ताक येईपर्यंत, ताकानंतर फेरविचार. ईरा उड्या मारत भिंतीवरच्या हीटिंगच्या पेटीकडे पळाली.

मी गंगाखेडचा. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला पहिलाच. माझ्या शिक्षणासाठी घरातल्या सगळ्यांनी जिवाचं रान केलं, त्यांचे उपकार फिटणारे नाहीत. पण 'तुझं म्हणणं काय' असं इतक्या गंभीरपणे मला तोवर कोणी विचारलं नव्हतं. त्या जेवणापासून मी देगावकरकाकांचा झालो.

ही सवय कुठून आली ते कळायला मात्र काही शनिवार जावे लागले. शनिवारी सकाळी काका फिरायला निघतात आणि मला हाक मारतात. हे गाव आखून वसवलेलं. मोटारी राउंडअबाउटभोवती गरगरत असतात आणि पायी चालणाऱ्यांसाठी लाल डांबराच्या वेगळ्या वाटा आहेत, त्यांना रेडवे म्हणतात. हिवाळ्यात या वाटांवर धुकं इतकं खाली उतरतं की आपले बूट दिसतात पण पुढचा माणूस दिसत नाही. दिसतं ते फक्त काकांचं पिवळंजर्द, लांबून चमकणारं हाय-व्हिज जॅकेट, हवेत तरंगत चाललेलं. त्याच्या मागून चालताना आपण अजून अंथरुणातच आहोत की काय असं वाटायला लागतं. झाडं येतात आणि विरघळतात. तळ्यावरून बदकांचा आवाज येतो, पण तळं नसतं. आणि मग पुढून आरोळी येते, "हा बघा! दिवसाढवळ्या जळतोय!"

रस्त्यावरचा एखादा दिवा उजाडल्यावरही चालू राहिलेला असतो. काका त्याच्या खांबावरचा नंबर मनात टिपतात आणि सोमवारी कौन्सिलला फोन करतात. कौन्सिलमधली बाई आता त्यांचा आवाज ओळखते. "गुड मॉर्निंग, शेरीफ," म्हणते.

शेरीफ हे नाव मात्र तिनं दिलेलं नाही, काकांनीच तिला सांगितलंय. ते फार जुनं आहे. तरुणपणी काका वीज मंडळात इंजिनिअर होते आणि त्यांची नेमणूक सीमेवरच्या एका तालुक्यात झाली होती, वीजचोरी पकडणाऱ्या पथकावर. अलीकडे महाराष्ट्र, ओढ्यापलीकडे कर्नाटक, थोडं पुढं गेलं की आंध्र. एक जीप, दोन वायरमन आणि मैलोन् मैल काळी माती. लोक तारेवर आकडे टाकून वीज घेत. बाभळीच्या फांदीतून वायर यायची, पापड वाळत घातलेल्या बाजेखालून जायची, कुठं कुठं म्हशीच्या दाव्याला गुंडाळलेली असायची. काका पक्कड घेऊन जीपमधून उतरले की गाव चिडीचूप व्हायचं. तंबूतल्या टॉकीजमध्ये घोड्यांचे इंग्रजी पिक्चर पाहणाऱ्या एका वायरमननं त्यांना 'शेरीफ' म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव तिन्ही राज्यांत गेलं.

"एकदा काय झालं साहेब," काका सांगतात. मी बी.ई. झालोय म्हणून ते मला साहेब म्हणतात आणि मी कितीही संकोचलो तरी सोडत नाहीत. "खांब आपला, आकडा आपला, वायर ओढा ओलांडून पलीकडं. मी वायर धरत धरत गेलो तर एका झोपडीपाशी पोचलो. म्हाताऱ्यानं मला बसायला बाज टाकली. म्हणला, साहेब, तुम्ही बसलाव ते कर्नाटक आहे. बल्ब तुमचा, अंधार आमचा. बोला, काय करता?"

"मग काय केलंत?"

"काय करणार? कर्नाटकात चहा घेतला, महाराष्ट्रात येऊन वायर कापली." एवढं सांगून ते हसतात. मग काही पावलांनी म्हणतात, "तेव्हा मी ऐकत नव्हतो हो. दिसलं की कापत होतो."

ऐकायला ते पुढे शिकले. राज्यात विजेचे दर ठरवण्यासाठी नवा आयोग नेमला गेला, आणि अगदी सुरुवातीला तिथं जे थोडे अधिकारी जाऊन बसले त्यांत काका होते. बसले म्हणजे काय, खुर्च्या यायच्या होत्या. निकालपत्र कसं लिहायचं हे कोणाला ठाऊक नव्हतं, कारण तोवर कोणी लिहिलंच नव्हतं. एकच नियम पक्का होता, की दर वाढवण्याआधी लोकांचं म्हणणं ऐकायचं. पहिली जनसुनावणी एका नगरपालिकेच्या सभागृहात झाली. एक शेतकरी उठला तो आपल्या मोटारपंपाबद्दल बोलतच राहिला. साहेब लोक पेंगायला लागले. शेवटी तो म्हणाला, "लाईट येते तेव्हा मी झोपलेला असतो, मी उठतो तेव्हा ती झोपलेली असते. आधी आमची दोघांची गाठ घालून द्या, मग दर विचारा."

"त्याच्या गावात मी आकडे कापले होते साहेब," काका म्हणतात. "तेव्हाच विचारलं असतं तर तेव्हाच कळलं असतं."

रेडवे जिथं संपतो तिथं उंच मनोऱ्यांवरून विजेच्या मोठ्या तारा जातात. काका दर शनिवारी त्यांच्याखाली थांबतात आणि डोळे मिटतात. धुक्यानं तारा भिजलेल्या असतात, त्यांतून बारीक चरचर ऐकू येते, दूर कुठं तरी शेंगदाणे भाजत असावेत तशी. "ऐका," ते म्हणतात, "पहाटे जीप बंद करून उभं राहिलं की अगदी हाच सूर." मग मीही डोळे मिटतो. मला मिल्टन कीन्स दिसत नाही, काळी माती दिसते. किती वेळ जातो कळत नाही. एखादा सायकलवाला घंटी वाजवून आम्हाला इंग्लंडात परत आणतो.

काकू गेल्या तेव्हा अनघाताई विमानानं गेल्या, घराला कुलूप लावलं आणि काकांना घेऊन आल्या. दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. त्या प्रकरणी सुनावणी झाली नव्हती एवढं मात्र खरं. काका त्याबद्दल कधी बोलले नाहीत. अनघाताई आणि त्यांचे यजमान सकाळी ऑफिसला जातात, ईरा शाळेत. मग दिवसभर काका त्या घरात एकटे असतात. मी माझ्या खिडकीतून बघतो तेव्हा ते कधी मीटरच्या पेटीचं झाकण नीट बसलंय का पाहत असतात, कधी नुसतेच दारात उभे असतात.

गेल्या डिसेंबरात याच खिडकीतून मला एक विलक्षण गोष्ट दिसली. काकांच्या बागेतल्या शेडमधून एक नारिंगी वायर निघाली होती, कुंपणावरच्या वेलीत शिरली होती आणि पलीकडच्या घराच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत गडप झाली होती. गंगाखेडला आमच्या गल्लीत लहानपणी मी हे इतकं पाहिलं होतं की ओळखायला क्षण लागला नाही. हा आकडा होता. शेरीफच्या घरावर आकडा!

मी तसाच चपलांवर धावलो. "काका, तुमच्या शेडमधून कोणी तरी वीज चोरतंय!"

काकांचा चेहरा पडला. त्यांनी मला आत ओढलं आणि दार लावलं. "हळू बोला. मीच टाकलाय."

पलीकडच्या घरात मिसेस पिकरिंग राहतात. ऐंशीच्या पुढच्या. त्यांचे यजमान गेल्या उन्हाळ्यात वारले. दिवाळीत काका फराळाचं ताट द्यायला गेले तेव्हा त्यांनी दार उघडलं ते ओव्हरकोट घालून. घरात त्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. मग हळूहळू कळलं. बाई हीटिंग लावतच नव्हत्या. त्यांचा मुलगा स्टीव्हन दूर उत्तरेला असतो. त्याचं म्हणणं होतं की ज्या माणसाला घर गरम ठेवता येत नाही, त्यानं एकटं राहू नये. त्यानं आपल्या गावाजवळच्या वृद्धाश्रमात खोलीही बघून ठेवली होती. नाताळाआधी येतो, घर बघतो आणि ठरवतो, असा त्याचा निरोप होता.

"आणि बाईंना जायचं नाही," काका म्हणाले. "म्हणाल्या, मी या घरातून आडवी होऊनच जाणार."

"मग हीटर द्यायचा त्यांना."

"देऊन पाहिला. म्हणाल्या, आय डोन्ट टेक चॅरिटी. मोठी मानी बाई आहे. मग मी सांगितलं, मॅडम, आमच्या छपरावर सोलर आहे. दुपारी वीज शिल्लक राहते. ती कोणी वापरली नाही तर यंत्रणेवर ताण येतो. तुम्ही आमच्या शेडमधल्या लाईनवर हीटर चालवलात तर उपकार होतील. मी रोज येऊन लोड तपासून जाईन."

डिसेंबरात मिल्टन कीन्समध्ये सूर्य येतो तो हजेरी लावून जायला. शिल्लक वीज कसली आणि ताण कसला! पण मिसेस पिकरिंगनी विचार केला, आणि यंत्रणेवर उपकार करायला त्या तयार झाल्या. तेव्हापासून काका रोज दुपारी, जेवण झालं की, केस विंचरून लोड तपासायला जात. लोड तपासायला किती वेळ लागतो? काकांना अंधार पडेपर्यंत लागायचा. खिडकीतून दोघांची डोकी दिसायची, मध्ये चहाची किटली. ते बाईंना ओढ्यापलीकडच्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगत असावेत, कारण एकदा त्या हसून हसून टेबलावर डोकं टेकताना मला दिसल्या.

"अनघाताईंना माहीत आहे?" मी विचारलं.

"योग्य वेळी त्यांची बाजू ऐकली जाईल," काका म्हणाले.

ती वेळ शनिवारी आली. आम्ही फिरून परत आलो तर गल्लीत एक मोटार उभी होती, आणि स्टीव्हन कुंपणाशी उभा राहून वेलीतून ती नारिंगी वायर हातानं ओढून काढत होता. त्याच्यामागं मिसेस पिकरिंग ओव्हरकोटात. आवाज ऐकून अनघाताईही बाहेर आल्या.

"मम, हे काय आहे? तू शेजाऱ्यांच्या वायरवर जगतेस?" तो ओरडला नाही, पण त्याचा आवाज कापत होता. "बस्स झालं. यापुढं मी काही ऐकणार नाही."

"बाबा!" अनघाताई म्हणाल्या. "ओल्या वेलीतून वायर? आग लागली असती म्हणजे? तुम्ही? अहो, तुम्ही?"

काका हाय-व्हिज जॅकेट घालून मध्ये उभे. मी त्यांना इतकं पांढरंफटक कधी पाहिलं नव्हतं. बाईंना घरात ठेवण्यासाठी त्यांनी जे केलं, तेच बाईंना घराबाहेर काढायला पुरावा झालं होतं. मिसेस पिकरिंग कोणाकडेच पाहत नव्हत्या. कोटाचं वरचं बटण लावत होत्या, काढत होत्या, पुन्हा लावत होत्या.

काकांनी घसा साफ केला. "मिस्टर स्टीव्हन," ते इंग्रजीत म्हणाले, "चूक माझी आहे. पण निकालाआधी सुनावणी होऊ द्या. माझी विनंती आहे."

स्टीव्हननं अनघाताईंकडे पाहिलं. अनघाताईंनी खांदे उडवले. "ते ऐकणार नाहीत," त्या म्हणाल्या. "बसूनच घ्या."

आम्ही मिसेस पिकरिंगच्या स्वयंपाकघरात बसलो. हीटर बंद झाला होता आणि फरशीतून गारठा वर चढत होता. काकांनी मिसेस पिकरिंगना टेबलाच्या टोकाला बसवलं, स्वतः उभे राहिले.

"मॅडम, तुम्ही हीटिंग का लावत नाही?"

"बिलाला घाबरते," स्टीव्हन म्हणाला. "मी सांगितलंय तिला, मी भरतो म्हणून."

"मी मॅडमना विचारलं."

बाहेर धुकं खिडकीच्या काचेला येऊन टेकलं होतं आणि घर जणू कुठं तरी वाहत चाललं होतं. मिसेस पिकरिंग आपल्या हातांकडे बघत होत्या.

"मला येत नाही," त्या म्हणाल्या.

"काय येत नाही, मम?"

"ती भिंतीवरची पेटी. तुझा डॅड, डेरेकच सगळं बघायचा. उन्हाळा लागला तेव्हा त्यानं बंद केली. मग तो गेला." त्यांनी मान वर केली. "मी दोनदा दाबून बघितली. काही तरी लुकलुकायला लागलं, मी घाबरून सोडून दिली. तुला सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, बघ, एवढंही जमत नाही हिला."

स्टीव्हनचं तोंड उघडं राहिलं.

काका मात्र सावकाश खुर्चीवर बसले. "मीसुद्धा विचारलं नाही," ते मराठीत म्हणाले, कोणालाच उद्देशून नाही. "गरिबी धरून चाललो. वायर टाकली आणि विचारलं नाही."

अनघाताईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. पॅसेजमधल्या भिंतीवर ती पेटी होती. स्टीव्हन, काका आणि मी तिच्यासमोर उभे राहिलो. स्टीव्हननं एक बटण दाबलं, काकांनी चष्म्यावरून पाहत दुसरं सुचवलं आणि आत कुठं तरी बॉयलर भक्कन पेटला. पाइपांतून टकटक सुरू झाली. मिसेस पिकरिंग रेडिएटरवर दोन्ही तळवे ठेवून उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळानं त्यांनी कोट काढला. आपल्या आईला कोटाशिवाय पाहून स्टीव्हनला काय वाटलं कोण जाणे, तो तिच्याजवळ जाऊन तसाच उभा राहिला.

जाताना तो काकांना म्हणाला, "वृद्धाश्रमाचं मी सध्या थांबवतो. पण तिला ही पेटी शिकवाल का? मला फोनवर ते जमायचं नाही."

"शिकवतो," काका म्हणाले.

त्याची मोटार गेली. अनघाताई आत गेल्या. मी आणि काका बागेत वायर गुंडाळत बसलो. वायर चिखलानं माखली होती, काका ती फडक्यानं पुसत पुसत गुंडाळत होते. मनगट आणि कोपर यांच्यामध्ये, जुन्या वायरमनसारखी. शेवटचं टोक हातात आल्यावर त्यांनी ते पुन्हा एकदा पुसलं.

"चांगलं झालं काका," मी म्हणालो. "आता तुम्हाला रोज लोड तपासायला जायला नको."

"हो ना," ते म्हणाले. "आता जायला नको." आणि वायर शेडमध्ये ठेवायला उठले.

नवीन वर्ष सुरू झालं. माझं एक पार्सल चुकून मिसेस पिकरिंगकडे टाकलं गेलं म्हणून एका दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी दार उघडलं तेव्हा आतून छान ऊब आली. त्यांच्या अंगात पातळसा ब्लाउज होता. पॅसेजमध्ये काका भिंतीवरच्या पेटीसमोर उभे होते, हातात पेन्सिल घेऊन, शाळेतल्या गुरुजींसारखे.

"हे वाराचं बटण," ते इंग्रजीत सांगत होते. "हे तासाचं. काल आपण वारापर्यंत आलो होतो. मॅडम, घाई करायची नाही."

मिसेस पिकरिंगनी कोपऱ्यातलं पार्सल उचलून माझ्या हातात दिलं. मग त्या माझ्याबरोबर उंबऱ्यापर्यंत आल्या, दार मागं थोडं ओढून घेतलं आणि माझ्या कानाशी वाकल्या.

"मला हे पहिल्याच दिवशी आलं होतं, बाळा," त्या म्हणाल्या. "त्यांना सांगू नकोस हं."

आतून हाक आली, "मॅडम? कुठं गेलात? आज परत पहिल्यापासून घेऊ."

"आले, आले," म्हणत त्यांनी केसांवरून हात फिरवला आणि आत गेल्या.